दार कोणत्या बाजूला उघडते?

शकूताईंच्या अंबाड्यात गजरा मी कधी पाहिला नाही. तिथे पेन्सिल असायची. ब्लेडने तासलेली, टोक सुईसारखं. बोलता बोलता हात मागे जायचा, पेन्सिल निघायची, समोरच्या कागदावर एक रेघ उमटायची आणि पेन्सिल परत अंबाड्यात. हे इतक्या सफाईने व्हायचं की पहिल्या भेटीत मला वाटलं, बाई आपल्यावर छाप पाडतायत. पुढे कळलं की त्यांचं त्यांनाच ते ठाऊक नसे. एकदा तर पेन्सिल सापडेना म्हणून त्यांनी सगळी खोली पालथी घातली आणि उपचाराला येणारे आम्ही सातजण गपचूप मजा बघत बसलो.

त्या पहिल्या भेटीला मला आईने नेलं होतं. तेहेतीस वर्षांचा घोडा मी, आणि लहान मुलाला इंजेक्शन टोचायला न्यावं तशी आई मला भिलाईहून दुर्गला घेऊन आली. कोर्टामागच्या गल्लीत एका जुन्या घराच्या तळमजल्यावर व्यसनमुक्तीचं केंद्र होतं. पाटी एवढीशी, की आत शिरताना कुणी पाहिलंच तर म्हणता यावं, शेजारच्या वकिलाकडे आलो होतो. मी उत्तरं घोकून आलो होतो. गांजा कधीपासून? पॉलिटेक्निकपासून. किती? दिवसाला चार-पाच सिगरेटी भरून. का? ते मात्र माहीत नाही. शकूताईंनी यातलं काहीच विचारलं नाही. चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाल्या,

"तुमच्या घराचं दार कोणत्या बाजूले उघडते? आत का बाहेर?"

मी आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे पाहिलं. बहुधा आपण चुकीच्या पत्त्यावर आलो, असं दोघांनाही वाटलं असावं.

"आत," मी म्हणालो.

"आत गेल्यावर डाव्या हाताले काय?"

असं करत करत त्यांनी माझ्याकडून पोलाद कारखान्याचं आमचं अख्खं क्वार्टर वदवून घेतलं. पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर, मागची खोली, तिला लागून बाथरूम, मग आंगण. गच्चीवर कसे जाता? बाबांनी रिटायर झाल्यावर मागच्या आंगणात लोखंडी जिना बसवून घेतला, त्याच्यावरून. बाथरूमचं दार? तेही आत उघडते. मी सांगत होतो आणि कागदावर आमचं घर उमटत होतं, इतकं नेमकं की मी सांगायच्या आधीच पेन्सिल पुढच्या भिंतीपाशी जाऊन थांबायची. मला बाईंच्या हुशारीचं कौतुक वाटलं.

मग आईने सांगायचं ते सांगितलं. आठ महिन्यांपूर्वी बाबा दुपारी बाथरूममध्ये पडले. आई त्या दिवशी चरोद्याला मावशीकडे गेली होती. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण कारखान्याच्या कोक ओव्हनमध्ये, कोळशाच्या भट्ट्यांपाशी पस्तीस वर्षं काढलेली छाती. ती काही अंथरुणाला मानवली नाही. पाच महिन्यांनी बाबा गेले. "तवापासून याचं लईच वाढलं," आई म्हणाली. "नोकरी त आधीच गेली होती."

"तुम्ही कुठं होते तवा?" ताईंनी मला विचारलं.

"मागच्या खोलीत झोपलो होतो. कूलर चालू होता. ऐकू नाही आलं."

"बरं," ताई म्हणाल्या. हात मागे गेला, पेन्सिल आली, कागदाच्या कोपऱ्यात काहीतरी बारीक लिहिलं गेलं, पेन्सिल परत गेली. पुढच्या बुधवारी या म्हणाल्या.

शकूताई मूळच्या दुर्गच्याच. तीन पिढ्यांपासून तिथे स्थायिक झालेलं मराठी घर. आयुष्याची सव्वीस वर्षं त्यांनी कारखान्याच्या टाउनशिपच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढले. हुद्दा ड्राफ्ट्समन, बाईलाही ड्राफ्ट्समनच म्हणत आणि ताईंना त्याचं काही वाटत नसे. कम्प्युटर आले, ते शिकल्या, नकाशे अधिक सुबक निघू लागले आणि मग एक दिवस कंटाळून मुदतीआधीच निवृत्त झाल्या. पन्नाशी ओलांडल्यावर घरून अभ्यास करून मानसशास्त्रात एम.ए. केलं, दोन वर्षं नागपूरला जाऊन-येऊन चित्रांच्या आधारे मन मोकळं करायची उपचारपद्धत शिकल्या आणि या केंद्रात येऊन बसल्या. आठवड्यातून दोनदा डॉक्टर येत. औषध डॉक्टर बघत, चित्र ताई बघत.

चित्र म्हणजे भिंतीवरचं नव्हे, डोळे मिटल्यावर दिसणारं. मी आधी एका ठिकाणी असला प्रकार केला होता. तिथे मंद संगीत लावून समुद्रकिनारा आठवायला सांगितला होता. मी जन्मात समुद्र पाहिलेला नाही. मला भिलाईच्या मैत्री बागेतलं तळं दिसलं आणि झोप लागली. ताईंकडे झोपेची सोय नव्हती. तुम्ही डोळे मिटून "सगळा अंधार आहे" म्हणालात की लगेच उलटतपासणी. "अंधार खोलीतला का बाहेरचा? खिडकी कोणीकडं? जमीन फरशीची का सिमेंटची?" ड्रॉइंग ऑफिसातली सवय. मोघम रेघ त्यांना चालायचीच नाही.

दुसऱ्या की तिसऱ्या बुधवारी त्यांनी विचारलं, "तलफ आली का कशी दिसते? भूत-बित सांगू नको. वस्तू सांग." एव्हाना त्या अरे-तुरेवर आल्या होत्या.

मी वैतागलो होतो. म्हणालो, "म्हशीसारखी दिसते."

त्या हसतील असं वाटलं. त्यांनी विचारलं, "दुभती का भाकड?"

मलाच हसू फुटलं, आणि हसता हसता काय झालं कोण जाणे, म्हैस खरंच दिसली. मागच्या आंगणात, जिन्याच्या पहिल्या पायरीसमोर, आडवी पसरलेली. शेपटीला शेण. मी सांगत गेलो.

"आता तू काय करून राहिला?"

"ढकलून राहिलो. उठतच नाही."

"उठन कशी? खुर्सीपारच्या रोडवर म्हैस बसली का ट्रकवाले हॉर्न वाजवू वाजवू थकतात. उठते का? ते आपल्या मनानं उठते. तू ढकलू नको, अन तिच्या पाठीवरही बसू नको. फक्त समोर खुर्ची टाकून बस, किती वाजता बसली न किती वाजता उठली, ते लिहून आण."

मी मापाच्या धंद्यातला माणूस. वर्कशॉपमध्ये तयार पार्ट तपासायचं काम होतं माझं, व्हर्नियर, मायक्रोमीटर. ओढून गेल्यावर सगळेच पार्ट बरोबर वाटायला लागले होते, म्हणून तर नोकरी गेली. लिहून आणायचं काम मला पटलं. म्हैस बहुतेक दुपारी तीनच्या पुढे यायची. सुरुवातीला वाटायचं की आता ही संध्याकाळपर्यंत हलत नाही. घड्याळ लावून पाहिलं तर वीस मिनिटं, फार तर पंचवीस. ती उठायची, अंग झटकायची आणि निघून जायची. मला इतकं नवल वाटलं की मी ते आईला सांगितलं. आई म्हणाली, "मले म्हैस-बिस काही समजत नाही, पण तू जेवून राहिला ना, बस."

मध्ये एकदा घसरलोही. पॉवर हाउसच्या बाजारात जुना मित्र भेटला, त्याच्याबरोबर गेलो. बुधवारी ताईंना सांगावं की नाही या विचारात दारातच घुटमळत होतो. त्यांनी एकदा तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हशीवर बसून फिरून आला म्हणजे. ये, बस. कुठं उतरला ते सांग." रागावल्या असत्या तर मी परत गेलो नसतो, हे मला तेव्हाच कळलं.

त्यांना राग यायचा, पण तो आमच्यावर नसायचा. आमच्या सातजणांत खुर्सीपारचा एक ऑटोवाला होता, रामकुमार. एकदा त्याचे सासरे आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "इसको शरम नाम की चीज़ नहीं है, मैडम." ताई खुर्चीवरून उठल्या. पाच फुटांच्या बाई, पण तेव्हा उंच वाटल्या.

"शरम की ही तो बीमारी है, बाबूजी," त्या म्हणाल्या. "इतनी शरम है कि होश में रहा नहीं जाता. आप और मत डालिए."

सासरे गेल्यावर रामकुमार खाली मान घालून रडला. त्या दिवशी निघताना मी ताईंना विचारलं, "पण ताई, चूक केली असेल त लाज वाटायले नको का?"

"चुकीचं वाटलंच पाहिजे," त्या म्हणाल्या. "पण चुकीले माप असते रे. एक फूट, चार फूट, जे असन ते. लाजेले माप नसते. ते पुऱ्या माणसावर पसरते. मंग माणूस असं म्हणत नाही का माझ्या हातून वाईट झालं. म्हणते का मीच वाईट. अन वाईटच असन, त ओढली काय न नाही ओढली काय, कोणाले फरक पडून राहिला?"

हे बोलून झाल्यावर त्या बराच वेळ केंद्राच्या कुलपाशी खटपट करत राहिल्या. मग आपणहूनच सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ वसंता चिलीम ओढायचा. एके दिवशी ऑफिसातले साहेब घरी चहाला आले. वसंता आंगणात बसलेला, डोळे लाल, बनियन मळलेलं. साहेबांनी विचारलं, हे कोण? ताई म्हणाल्या, भाडेकरूचा भाऊ आहे.

"त्यानं ऐकलं?"

"पाच फुटांवर त होता. आठ दिवसांत घर सोडून गेला. आता डोंगरगढले सायकलीचं दुकान आहे. सुधरला आपल्या मनानं. दरसाल राखी पाठवते मी. पोच येत नाही."

"तुम्ही गेल्या नाही कधी?"

"एकदा स्टेशनापावतो गेली," ताई म्हणाल्या, आणि कुलूप लागलं.

मी घरी येताना ट्रेनमध्ये फार अस्वस्थ होतो. या बाईंनी आपली गोष्ट मला सांगितली होती आणि मी पहिल्या दिवशी त्यांच्याशी खोटं बोललो होतो. मी मागच्या खोलीत झोपलेलो नव्हतो. हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. बाबांना माहीत होतं की नाही, ते मला माहीत नव्हतं. घरी आलो की आई बाबांच्या लोट्याने तुळशीला पाणी घालताना दिसायची. स्टीलचा लोटा, त्याच्या कडेला खोलगट पोचा. आईने एकदा विचारलं होतं, हा पोचा कशाचा रे? मी म्हटलं होतं, काय माहीत. तो लोटा दिसला की म्हैस येऊन बसायची, आणि तेव्हा ती वीस मिनिटांत उठायची नाही.

सातव्या बुधवारी ताई म्हणाल्या, "आज बाथरूमात जाऊ."

मी डोळे मिटले. ताईंच्या पद्धतीत जुन्या प्रसंगात परत जायचं असतं, पण आजचं आपलं शहाणपण बरोबर घेऊन. तेव्हा जे करायला हवं होतं आणि झालं नाही, ते चित्रात करायचं. मला वाटायचं, याने काय होणार? झालेलं बदलतं थोडंच? ताई म्हणायच्या, "झालेलं बदलत नाही. पण तू तिथंच दाराबाहेर उभा आहे, नऊ-दहा महिन्यांपासून. तुले तिथून हलवायचं आहे."

"आवाज येतो," मी बोलू लागलो. "मी मागच्या खोलीतून उठतो. धावतो. बाथरूमचं दार ओढतो..."

"ओढतो?"

"हो. ओढून उघडतो, बाबा समोर..."

"दार आत उघडते म्हणाला होता तू."

मी डोळे उघडले. माझ्या डोक्यातल्या चित्रात ते दार नेहमी बाहेर उघडायचं. एका झटक्यात, सिनेमातल्यासारखं. त्या दिवशी प्रत्यक्षात बाबा दाराला टेकून पडले होते आणि मला ते इंचाइंचाने ढकलावं लागलं होतं, त्यांच्या मोडलेल्या पायाला ते लागत होतं, आणि ते काही बोलत नव्हते. हे सगळं मी चित्रातून गाळून टाकलं होतं. आणि ते गाळलं की त्याच्या आधीचंही गाळता येत होतं.

"मी मागच्या खोलीत नव्हतो, ताई."

ताईंनी खुर्ची जराशी पुढे ओढली.

"गच्चीवर होतो. टाकीच्या सावलीत चटई टाकून. खालून आवाज येत होता. टण् टण् टण्. बाबा लोटा फरशीवर आपटून राहिले होते. बाथरूमचं रोशनदान, तो वरचा झरोका, जिन्याकडंच आहे. मी ऐकलं. मले वाटलं, कोणी काय मस्त वाजवून राहिलं. मी मांडीवर ठेका धरला. अन हसलो, ताई. मोठ्यानं हसलो."

हे सांगून झाल्यावर जगाचं काहीतरी होईल असं मला वाटलं होतं. बाहेर वकिलाच्या टाइपरायटरचा आवाज येत होता, तो तसाच येत राहिला. ताईंनी "असू दे" म्हटलं नाही. पाठीवर हातही ठेवला नाही. त्यांनी विचारलं, "आवाज किती वाजता सुरू झाला?"

"सव्वातीन."

"थांबला केव्हा?"

हे मी स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं. "चारच्या सुमाराले."

"तू खाली केव्हा आला?"

"पावणेपाच. पाणी प्यायले."

"म्हणजे दीड तास," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, जरा घोगरा. "पाऊण तास ते वाजवत होते, पाऊण तास थकून पडून होते. हे तुझी चूक, प्रशांत. दीड तास. मी त्यातलं एक मिनिटही कमी करत नाही. पण तेहेतीस वर्षं नाही. पुरा प्रशांत नाही. दीड तास."

मी हुंदके देऊन रडलो, ते सांगायला आता मला काही वाटत नाही. रडता रडता विचारलं, "बाबांनी माझं हसणं ऐकलं असन का?"

"ते मले माहीत नाही, तुलेही नाही. ते कोरं ठेव. नकाशात जे माहीत नाही ते आपल्या मनानं भरत नसतात." मग म्हणाल्या, "डोळे मीट. दार आत उघडते. सावकाश ढकल. आत गेला?"

"गेलो."

"काय दिसून राहिलं?"

"नळ चालू आहे. बाबा पुरे भिजले आहेत."

"मंग आधी काय करशीन?"

त्या दिवशी मी आधी फोन शोधला होता, मग शेजाऱ्यांना हाका मारल्या होत्या, मग तोंड धुऊन डोळ्यांचा लालपणा घालवला होता. नळ सगळ्यात शेवटी बंद केला होता. चित्रात मी आधी नळ बंद केला. दोरीवरचा टॉवेल ओढून त्यांच्या अंगावर टाकला. त्यांचं डोकं मांडीवर घेऊन ओल्या फरशीवर बसलो.

"काय म्हणून राहिले बाबा?"

"म्हणून राहिले, आला का."

"बस मंग तिथंच थोडा वेळ," ताई म्हणाल्या. आम्ही दोघं बसून राहिलो. त्या दिवशी त्यांनी पेन्सिलीला हात लावला नाही.

आईला सांग असं त्यांनी मला कधीच म्हटलं नाही. मीच विचारलं तेव्हा म्हणाल्या, "सांगितलं का माफी भेटन, असं समजून सांगू नको. माफी आईच्या हातात आहे. सांगणं तेवढं तुझ्या हातात आहे." पंधरा दिवस मी तोंड उघडलं नाही. मग एका सकाळी आई स्वयंपाकघरात तिवऱ्याची भाजी निवडत बसली होती, तिच्यासमोर जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. गच्ची, लोटा, ठेका, हसणं.

"म्हणजे ते वाजवून राहिले होते," आई म्हणाली.

"हो."

"अन तू आयकून राहिला होता."

"हो."

आई उठली. मांडणीवरचा लोटा काढला, पोच्यात अंगठा ठेवून उभी राहिली. "मी समजली, पडताना लागला," एवढंच म्हणाली आणि भाजी तशीच टाकून बाहेर गेली.

नऊ दिवस आई माझ्याशी बोलली नाही. ताट वाढलं जायचं, चहा टेबलावर यायचा, शब्द यायचा नाही. त्या नऊ दिवसांत म्हैस रोज आली, काही वेळा दोनदा. मी रोज खुर्ची टाकून समोर बसलो. दहाव्या दिवशी आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबांनी तुले त्या दाराचं काही सांगितलं होतं. मी बाजूच्याच खोलीत होती तवा."

सांगितलं होतं. अंथरुणावरच्या पाच महिन्यांत बाबांनी त्या दुपारीबद्दल अवाक्षर काढलं नाही, फक्त एकदा म्हणाले, "प्रशांत, ते दार बाहेर उघडणारं करून घे. तुझ्या आईलेही उद्या वय होईन." मी हो म्हणालो होतो आणि केलं नव्हतं, कारण त्या दाराला हात लावायची माझी हिंमत नव्हती. त्याच दिवशी मी सुपेल्याहून सुतार आणला. त्याने चौकट तासली, बिजागऱ्या फिरवल्या. आईने दार दोनदा उघडून-लावून पाहिलं. "आता ठीक आहे," म्हणाली. मला माफ केलं असं ती आजवर म्हणालेली नाही आणि मीही विचारलेलं नाही.

ताईंना हे सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "तू बाकी मले लाजवलं." मला त्याचा अर्थ लागला नाही. पुढच्या बुधवारी केंद्राला कुलूप होतं. माझ्या आठवणीत हे पहिल्यांदाच घडलं.

त्यानंतर दोन वर्षं मी त्यांच्याकडे जात होतो. आधी दर आठवड्याला, मग महिन्याला, मग नुसताच गप्पांना. मला पुन्हा वर्कशॉपमध्ये काम मिळालं. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी रामकुमारचा फोन आला. ताई खुर्चीतच गेल्या होत्या, बुधवार होता, समोर कुणीतरी नवीन माणूस डोळे मिटून बसला होता. त्याला वाटलं, बाई वाट बघतायत. मी पोचलो तेव्हा त्या घरासमोर खुर्सीपारचे वीस-पंचवीस ऑटो ओळीने उभे होते आणि वकील कोट काढून लोकांना पाणी देत होता. इतकं पोरकं मला बाबा गेल्यावरही वाटलं नव्हतं. तेव्हा मला काही वाटून घ्यायचीच चोरी होती.

तेरावं झाल्यावर त्यांच्या घरून फोन आला, तुमचा कागद न्या. ताईंनी लिहून ठेवलं होतं की ज्याचा नकाशा त्याला परत द्यावा. मी गेलो. दार एका साठीच्या गृहस्थांनी उघडलं. ताईंसारखंच कपाळ, तसाच घोगरा आवाज.

"आपण?" मी विचारलं.

"मी भाऊ," ते म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "सख्खा."

मग चहा करता करता त्यांनीच सांगितलं. दोन वर्षांपूर्वी एका बुधवारी ही डोंगरगढला दुकानात येऊन उभी राहिली. चार गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर हात जोडून म्हणाली, हा माझा सख्खा भाऊ आहे, मी एकदा खोटं बोलली होती. "गिऱ्हाइकाले काही समजेना. मी पंक्चर काढून राहिलो होतो. टायर हातातून सुटला," ते म्हणाले आणि डोळे पुसू लागले.

माझा कागद पिवळा पडला होता. पहिल्याच भेटीत काढलेला आमच्या क्वार्टरचा नकाशा. मागची खोली आणि बाथरूम यांच्यामध्ये एक बाण, आणि कोपऱ्यात ताईंच्या बारीक, सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'मध्ये साडेचार इंची भिंत. आवाज येणारच.' लोखंडी जिन्यावरून एक पुसट रेघ वर गेली होती आणि गच्चीवर, टाकी असते तिथे, एवढीशी फुली होती. तिच्याखाली: 'स्वतः सांगेल. घाई नको.'

टाउनशिपमध्ये एका टाइपची सगळी क्वार्टरं सारखी. त्यांचे नकाशे सव्वीस वर्षं जिच्या हाताखालून गेले, तिला मी त्याच क्वार्टरबद्दल खोटं सांगितलं होतं, आणि पेन्सिल माझ्या पुढे का धावते याचं कौतुक करत बसलो होतो. सात बुधवार त्या बाई हे ठाऊक असून माझ्यासमोर बसल्या, म्हशीच्या गोष्टी ऐकत राहिल्या. एकदाही त्यांनी ती फुली माझ्यापुढे सरकवली नाही.

दुपारी घरी आलो. आई आंघोळ करत होती. मी मागच्या खोलीत जाऊन खाटेवर पडलो. त्या दुपारी पडलो होतो असं मी सगळ्यांना सांगितलं होतं, तीच खाट. कूलर चालू केला. पलीकडे लोटा बादलीच्या काठाला लागला. अगदी स्पष्ट ऐकू आला.

"आई, ठीक आहे ना?" मी ओरडून विचारलं.

"हो," भिंतीपलीकडून आई म्हणाली. "कावून?"